कमाटीबागेतले तीन सल्ले आणि बाबांचा एक निर्णय

तुमचा प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच लक्षात येईल. तुमचे बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि बडोद्यात दांडिया बाजार भागात राहतात. त्यांचा पीएसए (प्रोस्टेट तयार करते त्या प्रथिनाचे रक्तातले प्रमाण) ८.६ आला, बायोप्सीच्या १२ तुकड्यांपैकी ४ तुकड्यांत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या ग्रंथीचा, कॅन्सर सापडला, ग्लीसन, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा, ३+४ म्हणजे ७ आहे आणि एमआरआयमध्ये आजार ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसत नाही. रोज सकाळी कमाटीबागेत त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींपैकी तिघांना 'प्रोस्टेट' होऊन गेले आहे. पहिले गृहस्थ म्हणतात, "काका, काढी नाखो, दुर्बिणीतून ऑपरेशन होते, तीन दिवसांत घरी, मला आठ वर्षे काही नाही." दुसरे सांगतात की शेक, म्हणजे किरणोपचार, मुळीच घेऊ नका, कारण त्यांना नंतर संडासातून रक्त जात असे. तिसऱ्यांचे वृषण काढले आहेत, ते सतत थकलेले असतात आणि या आजारात माणूस खचतोच, असे ते मानतात. बाबा रोज नवा निर्णय घेऊन घरी येतात. या लोकांचे ऐकावे, की बाबांना त्यांच्यापासून दूर ठेवावे, असे तुम्ही विचारता.

मी बडोद्यातच पंचवीसहून अधिक वर्षे मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या रूपांत जवळजवळ दर आठवड्याला येतो. बाबांना मित्रांपासून दूर ठेवू नका. तिघेही खरे बोलत आहेत. अडचण इतकीच आहे, की त्या तीन गोष्टी तीन वेगळ्या आजारांच्या किंवा एकाच आजाराच्या फार वेगळ्या टप्प्यांवरच्या आहेत, आणि बागेतल्या बाकावर त्या सगळ्यांना 'प्रोस्टेट' हा एकच शब्द पुरतो.

पहिल्या गृहस्थांपासून सुरुवात करू. तुम्ही लिहिले आहे त्यावरून मला दाट शंका आहे, की त्यांना कॅन्सर नव्हताच. वयाप्रमाणे ग्रंथी वाढून लघवी अडू लागली, की मूत्रमार्गातून दुर्बीण घालून आतला दाबणारा भाग खरवडून काढतात; त्याला टीयूआरपी म्हणतात. या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा बाहेरचा भाग जागेवरच राहतो, आणि कॅन्सर बहुतेक वेळा त्या बाहेरच्या भागातच सुरू होतो. कॅन्सरसाठी करतात ती शस्त्रक्रिया वेगळी असते. तीत पूर्ण ग्रंथी आणि तिला लागून असलेल्या वीर्यपिशव्या काढतात व मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला पुन्हा जोडतात. ही शस्त्रक्रियाही हल्ली पोटातून दुर्बिणीने किंवा रोबोटच्या साहाय्याने होत असल्यामुळे 'दुर्बिणीतून' या शब्दावरून काहीच कळत नाही. मी रुग्णांना एक साधा प्रश्न शिकवून ठेवला आहे: "घरी आलात तेव्हा लघवीची नळी होती का, आणि ती किती दिवस ठेवली?" टीयूआरपीनंतर नळी बहुधा दोनतीन दिवसांतच निघते, पूर्ण ग्रंथी काढल्यावर जोड भरून येण्यासाठी ती आठवडा ते दोन आठवडे ठेवावी लागते. दुसरा प्रश्न असा, की अजून ठराविक काळाने पीएसए तपासायला सांगितले आहे का. या दोन उत्तरांवरून बाबांनाच कळेल, की समोरचा माणूस त्यांच्या आजाराबद्दल बोलतो आहे की नाही.

दुसऱ्या गृहस्थांचा अनुभव बाबांच्या अधिक जवळचा असू शकतो आणि म्हणूनच तो नीट ऐकायला हवा. प्रोस्टेट गुदाशयाला अगदी चिकटून असते, त्यामुळे किरणोपचाराची थोडी झळ गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला लागते, आणि काहींना त्यामुळे उपचार संपल्यानंतर काही महिन्यांनी किंवा एकदोन वर्षांनी रक्त जाते. ते बहुधा आटोक्यात येते, पण त्या काळात माणूस घाबरून जातो, हे मी पाहिले आहे. त्यांना विचारण्याजोगे हे, की उपचार कोणत्या वर्षी झाला, रोज जागा तपासून किरण देणारे नवे यंत्र होते की जुने, आणि त्या वेळी हृदयासाठी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू होत्या का. या तिन्ही गोष्टींनी रक्तस्रावाचे प्रमाण बदलते. शिवाय त्यांच्या गोष्टीत एक वाक्य राहून गेले आहे, जे सांगण्यासारखे त्यांना वाटले नसेल: त्यांचा कॅन्सर ताब्यात आहे आणि ते रोज सकाळी बागेत फिरत आहेत.

तिसऱ्यांबद्दल मला खरोखर वाईट वाटते, पण त्यांची वाट बाबांची नव्हे. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी संप्रेरकावर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आजार हाडांत किंवा अन्यत्र पसरला असेल, तर वृषण काढून किंवा इंजेक्शनांनी ते संप्रेरक बंद करणे हा उपचाराचा पाया राहिला आहे. वृषण काढणे एकदाच करावे लागते आणि स्वस्त पडते, म्हणून आपल्याकडे अनेक कुटुंबे तो मार्ग घेतात. संप्रेरक गेल्यावर थकवा येतो, अंगातून गरम वाफा येतात, स्नायू कमी होतात, हाडे ठिसूळ होतात, मन उदास होते. म्हणजे त्यांना जे जाणवते ते खरे आहे, परंतु त्यातला मोठा वाटा पसरलेल्या आजाराचा आणि त्यावरच्या उपचाराचा आहे. आपल्याकडे पन्नाशीनंतर पुरुषांनी नियमित तपासणी करण्याची सरकारी व्यवस्था नाही, आणि लघवीची धार बारीक होणे म्हणजे वय झाले, असे समजून लोक थांबतात. त्यामुळे आपल्या ओळखीपाळखीत उशिरा सापडलेल्या आजाराच्याच गोष्टी जास्त ऐकू येतात आणि लवकर सापडलेल्या माणसालाही वाटते, की आपल्यापुढे हेच वाढून ठेवले आहे.

उपचार वेगवेगळे असल्यामुळे बागेत होणारी पीएसएच्या आकड्यांची तुलनाही फसवी असते. पूर्ण ग्रंथी काढल्यावर पीएसए दीडदोन महिन्यांत मोजता येणार नाही इतका खाली जायला हवा, कारण तो तयार करणारा अवयवच राहिलेला नसतो. किरणोपचारानंतर ग्रंथी आत असते आणि आकडा अनेक महिने, कधी एकदोन वर्षे, हळूहळू उतरतो. एकाचा ०.०१ आणि दुसऱ्याचा ०.८ असला, तरी दोघेही बरे असू शकतात. हे माहीत नसल्याने दुसरा माणूस रात्रभर जागा राहिल्याचे मला ठाऊक आहे.

तरीही मी म्हणतो, की या लोकांकडे जा. कारण एका बाबतीत ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात, आणि ती बाब कोणती हे समजण्यासाठी एका मोठ्या अभ्यासाचे आकडे पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात पीएसए तपासणीतून सापडलेल्या, ५० ते ६९ वयाच्या आणि आजार ग्रंथीतच असलेल्या १,६४३ पुरुषांना देखरेख (लगेच उपचार न करता नियमित तपासण्या), शस्त्रक्रिया आणि किरणोपचार अशा तीन गटांत कोणत्याही पसंतीशिवाय वाटले. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने ४५ जण, म्हणजे २.७ टक्के, दगावले होते आणि तिन्ही गटांतला फरक नगण्य होता; याच काळात कोणत्या ना कोणत्या कारणाने एकूण ३५६ जण वारले होते. आजार शरीरात पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ४.७ टक्के आणि किरणोपचाराच्या गटात ५ टक्के होते, आणि देखरेखीने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनी पुढे कधीतरी उपचार घेतलेच. त्या अभ्यासातले बहुतेक पुरुष बाबांपेक्षा लहान आणि सौम्य आजाराचे होते, म्हणून 'काहीही केले नाही तरी चालेल' असा अर्थ त्यातून काढू नका. पण आजार ग्रंथीत असताना सापडला, तर शांतपणे विचार करायला काही आठवडे नक्की असतात, आणि उपचारांमधला फरक आयुष्याच्या लांबीपेक्षा नंतरच्या दिवसांच्या स्वरूपात जास्त असतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक ताठरता यांवर अधिक परिणाम झाला. किरणोपचारानंतर शौचाच्या तक्रारी अधिक राहिल्या.

हे 'नंतरचे दिवस' मी रुग्णाच्या फाइलमध्ये पाहतो. तो माणूस आणि त्याची पत्नी ते जगतात. कोणत्या उपचाराने किती जण वाचतात, हे बाकावरचे तीन मित्र सांगू शकणार नाहीत, पण सकाळी उठल्यावर कसे वाटते, हे तेच सांगू शकतात.

अर्थात, ते सांगतातच असे नाही. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक शस्त्रक्रियेनंतर दर तीन महिन्यांनी येत आणि प्रत्येक वेळी "उत्तम आहे" म्हणून जात. दीड वर्षानंतर एकदा त्यांच्या पत्नी बरोबर आल्या. त्यांनी सांगितले, की गणेशोत्सवात आरतीला सगळ्यांच्या पुढे उभे राहणारा हा माणूस आता दाराशी उभा राहतो आणि दोन आरत्या झाल्या की घरी निघून येतो, कारण खोकला आला तर कपडे ओले होतील अशी भीती वाटते. शिक्षकांनी ही गोष्ट ना मला सांगितली होती, ना मित्रांना. मित्रांपैकी दोघांना मात्र त्यांनी "बिनधास्त ऑपरेशन करून घ्या" असा सल्ला दिला होता. त्यांनी खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही. कॅन्सर गेला ही त्यांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती आणि बाकीचे बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिस्तीने केल्यावर त्यांना बराच आराम पडला. तो वर्षभर आधीच पडू शकला असता. म्हणून बाबा मित्रांशी बोलतील तेव्हा आईनेही शक्य असेल तर त्या मित्रांच्या पत्नींशी वेगळे बोलावे, असे मी मनापासून सुचवतो.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काळात कोणी घाबरलेला रुग्ण आला, की मी त्याला माझ्याच एखाद्या जुन्या रुग्णाचा फोन नंबर, अर्थात त्याच्या परवानगीने, देत असे. देताना मी नकळत ज्यांचे सगळे छान झाले होते अशांचीच नावे निवडत होतो. अशाच एका गृहस्थांना शस्त्रक्रियेनंतर ताठरता परत आली नाही, आणि ते मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही ज्यांच्याशी माझी भेट घालून दिलीत, त्यांच्यापैकी कोणालाच हे झाले नव्हते." त्यांनी आवाज चढवला नाही, तक्रारही केली नाही, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. धोका त्यांच्या संमतीपत्रावर लिहिलेला होता. तरी छापील ओळ वाचणे आणि ते भोगलेल्या माणसाकडून ऐकणे यात फार अंतर असते. तेव्हापासून मी कमीत कमी तिघांशी बोलायला सांगतो: एक चांगला बरा झालेला, एक अजून काही त्रास सोसत असलेला, आणि एक ज्याने उपचार न घेता देखरेख निवडली. नंतर ज्यांना पश्चात्ताप झाल्याचे मी पाहिले, त्यांतल्या बहुतेकांचा राग उपचारावर नव्हता. 'हे होऊ शकते, हे मला कोणी सांगितले नाही,' हे त्यांचे दुःख होते.

बाबांनी मित्रांना 'मी काय करू' असे विचारू नये. त्या प्रश्नाला माणूस स्वतःच्या निवडीचे समर्थन करूनच उत्तर देतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याऐवजी त्यांनी मित्रांच्या निर्णयाची हकिगत विचारावी: तेव्हा वय किती होते, ग्लीसन किती होता, डॉक्टरांनी आणखी कोणते पर्याय सांगितले होते, कशाची सर्वात जास्त भीती वाटली होती आणि ती खरी ठरली का, पहिले सहा महिने कसे गेले, आणि आज पुन्हा निवडायचे झाले तर काय वेगळे कराल. अहवाल पाहायला मिळाला तर उत्तमच. तसेच जे आज बागेत नाहीत, त्यांचे अनुभव बाकावर कधीच ऐकू येणार नाहीत, याचीही जाणीव मनात असू द्यावी.

मोठ्या माणसांच्या उदाहरणांनाही हेच लागू पडते. नेल्सन मंडेला यांनी २००१ मध्ये किरणोपचार घेतले, तेव्हा त्यांचे वय ८३ होते, आणि २०१३ मध्ये ९५ व्या वर्षी ते गेले; त्या वयाला तो मार्ग योग्य होता, म्हणून तो पन्नाशीतल्या माणसालाही योग्य ठरतो असे नाही. इंटेल या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी १९९६ मध्ये फॉर्च्यून मासिकात आपल्या आजाराबद्दल सविस्तर लिहिले. ते शास्त्रज्ञ होते, त्यांनी शोधनिबंध वाचून स्वतः तक्ते मांडले आणि अखेर ग्रंथीच्या आत सुया घालून किरण देण्याचा उपचार निवडला. त्यांच्या अनुभवातली मला मोलाची वाटलेली गोष्ट ही, की प्रत्येक तज्ज्ञ त्यांना आपापल्या विद्येचाच उपचार सुचवत होता. मी शल्यचिकित्सक आहे, माझ्याही बाबतीत तो कल असणारच. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी बाबांनी किरणोपचारतज्ज्ञांना स्वतंत्रपणे भेटावे, असे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला सांगतो.

आता बाबांविषयी. मी त्यांना तपासलेले नाही, त्यामुळे हे सगळे अटींसह घ्या. इथपर्यंतच्या अहवालांवरून आजार मध्यम धोक्याच्या गटातल्या सौम्य बाजूला दिसतो, आणि तिन्ही मार्ग विचारात घेण्यासारखे आहेत. सर्वप्रथम बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घ्या. अहमदाबादचे गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट किंवा मुंबईचे टाटा मेमोरियल यांचा विचार करता येईल. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ च होते, पण दुसऱ्यात आक्रमक पेशींचे प्रमाण जास्त असते आणि त्याने सल्ला बदलू शकतो. त्यानंतर बाबांचे शरीर काय सांगते ते पाहा. हृदयाचा त्रास किंवा अनियंत्रित मधुमेह असेल तर मोठी शस्त्रक्रिया जड जाते. लघवीला आधीच फार अडथळा होत असेल तर किरणोपचारात तो वाढू शकतो. आतड्याचा जुना दाहक आजार असेल तर किरणोपचार टाळलेला बरा. प्रकृती ठणठणीत असून पुढे बरीच वर्षे दिसत असतील, तर नुसत्या देखरेखीवर राहताना पीएसए, एमआरआय आणि पुन्हा बायोप्सी हे वेळापत्रक ते खरोखर पाळतील का, हे प्रामाणिकपणे विचारावे लागेल. ज्याला दर तपासणीच्या आधी आठवडाभर झोप लागत नाही, त्याच्यासाठी देखरेख कागदावर सौम्य असली तरी प्रत्यक्षात कठीण ठरते. शस्त्रक्रियेनंतर गरज पडली तर किरणोपचार देता येतात. किरणोपचारानंतर शस्त्रक्रिया करणे मात्र बरेच अवघड असते. सत्तरीतल्या माणसासाठी हा मुद्दा पन्नाशीतल्याइतका निर्णायक नसतो.

किरणोपचार घ्यायचे ठरले तर हल्ली अनेकदा आठवड्यातून पाच दिवस असे सुमारे चार आठवडे, म्हणजे वीसेक वेळा जावे लागते. धोका थोडा अधिक निघाला तर त्याबरोबर चार ते सहा महिने संप्रेरक बंद करणारी इंजेक्शनेही सुचवली जातात. तसे झाले तर बागेतल्या तिसऱ्या मित्रांचा अनुभव एकदम उपयोगी पडेल: थकव्यावर त्यांनी काय केले, हाडांसाठी काय घेतले, कोणत्या व्यायामाने बरे वाटले. बाबांचा थकवा मात्र काही महिन्यांचा असेल, हा फरक त्यांनी ध्यानात ठेवावा. खर्चाच्या दृष्टीने, ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. तुम्ही निवडलेला उपचार त्या रुग्णालयात कार्डावर होतो का, हे मात्र तारीख घेण्यापूर्वीच विचारा.

पुढच्या भेटीला बाबांबरोबर आई आणि तुम्ही दोघीही जा. आधी बाबांना एका कागदावर लिहू द्या, की काय गमवायची त्यांची तयारी आहे आणि काय मुळीच नाही. तो कागद डॉक्टरांसमोर ठेवला, की चर्चा नेमकी होते. काही आठवड्यांचा वेळ त्यांच्याजवळ आहे. मात्र या काळात पाठीत नव्याने तीव्र दुखू लागले, पाय जड किंवा लुळे वाटू लागले, किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या.